घरचा पहारेकरी घरावर उलटतो तेव्हा : मेंदूच्या एका आजाराची ओळख

आपल्या मंडळाची स्मरणिका निघावयाची म्हटली की लेखकांकडे निरोप येतो, "या वर्षी काहीतरी उपयोगाचे द्या." मी बँकेत कारकुनी करणारा माणूस. शिक्षण बी.ए. पर्यंतचे, तेही मराठी व इतिहास घेऊन. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध रोग्याच्या खाटेशेजारी बसण्यापुरताच. तरीही या वेळी मी एका आजारावर लिहिण्याचे धाडस करीत आहे, कारण हा आजार आमच्या घरात येऊन गेला आणि तो ओळखण्यात आम्ही जी चूक केली ती दुसऱ्या कुणी करू नये असे मनापासून वाटते.

गोष्ट २०१९ सालची. माझ्या बहिणीचे घर आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात आहे. शेती कोरडवाहू, कापूस आणि तुरीची. भाची तेव्हा सोळा वर्षांची, अकरावीत शिकणारी. पोळ्याच्या सुमारास तिचे चार-पाच दिवस डोके दुखले, अंग कोमट राहिले. सर्दी-पडसे समजून सर्वांनी सोडून दिले. त्यानंतर तिची झोप उडाली. रात्र रात्र जागी. मग ती म्हणू लागली की भिंतीपलीकडून कुणी तिची वही वाचत आहे. जेवणात काही कालवले आहे म्हणून ताट दूर सारू लागली. मध्येच हसे, मध्येच रडे. बहिणीने मला फोन केला. सप्टेंबर अखेरची सहामाही जवळ आलेली, बँकेत मान वर करावयास फुरसत नव्हती. मी सांगितले, "अगं, अभ्यासाचे टेन्शन असेल. होईल बरी."

ही माझी चूक पहिली. दुसरी चूक घरच्यांनी केली. शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईने "पोरीला बाहेरचे आहे" असे म्हटले आणि दोन गावे सोडून राहणाऱ्या एका माणसाकडे तिला नेण्यात आले. ज्या घरात १९५६ नंतर देव्हारा राहिला नाही, त्या घरची मुलगी धुरासमोर बसविली गेली. तिच्यावरून लिंबू उतरविले गेले. यात एकोणीस दिवस गेले. विसाव्या दिवशी तिला झटका आला, आणि मगच दवाखान्याची आठवण झाली.

पहारेकरी कोण ?

आपल्या शरीरात रोगप्रतिकारशक्ती नावाची एक व्यवस्था असते. तिचे काम पहारेकऱ्याचे. बाहेरून जंतू आला की त्याला ओळखणे आणि त्याचा नायनाट करणे. ही ओळख कशी पटते ? बँकेचे उदाहरण देतो. खातेदाराची नमुना सही आमच्याकडे जपून ठेवलेली असते. पैसे काढावयाच्या कागदावरील सही तिच्याशी जुळवून पाहिल्याशिवाय रक्कम मिळत नाही. शरीरही असेच करते. आपल्या स्वतःच्या पेशींचे नमुने ते ओळखते व त्यांना हात लावीत नाही. परक्या जंतूचा नमुना दिसला की त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे ज्यांना डॉक्टर 'अँटीबॉडी' म्हणतात ती, तयार करते. हे प्रतिपिंड त्या जंतूला जाऊन चिकटते आणि त्याला निकामी करते.

परंतु कधी कधी नमुना जुळविण्यात घोळ होतो. आपलीच पेशी परकी ठरते आणि पहारेकरी घरच्या माणसावरच काठी उगारतो. अशा आजारांना स्वयंप्रतिकाराचे आजार म्हणतात. सांध्यांवर हल्ला झाला तर संधिवाताचा एक प्रकार होतो. हातापायांच्या नसांवर झाला तर गुलियन बॅरे नावाचा आजार होतो. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात याच आजाराचे रुग्ण एकदम वाढले आणि संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला, हे वाचकांना आठवत असेल. पोटात गेलेल्या जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे नसांवर उलटली की असे होते. आणि हाच हल्ला मेंदूवर झाला तर त्याला स्वयंप्रतिकारी मेंदूदाह म्हणतात. मेंदूदाह म्हणजे मेंदूला आलेली सूज.

आपल्या विदर्भाला मेंदूज्वर नवा नाही. नागपूरच्या चांदीपुरा भागाचे नाव ज्या विषाणूला मिळाले तो १९६५ साली येथेच सापडला, आणि २००३ साली त्याने आंध्र व महाराष्ट्रातील लहान मुलांचे बळी घेतले. तो मेंदूज्वर बाहेरच्या विषाणूने येतो. स्वयंप्रतिकारी मेंदूदाहात मात्र बाहेरचा शत्रू मेंदूत नसतोच. म्हणून त्याचा उपचार वेगळा, आणि म्हणून तो वेळीच ओळखणे महत्त्वाचे.

पोटातील चौदा इंजेक्शने

हा आजार फार नवा आहे असे वाटेल, पण त्याचा एक प्रकार आपल्या वाडवडिलांनी पाहिलेला आहे. कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत, हे चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाला आठवते. ती लस डेव्हिड सेंपल या इंग्रज डॉक्टरने १९११ साली हिमाचलातील कसौली येथे तयार केली. मेंढीला पिसाळ रोगाचा विषाणू टोचून तिच्या मेंदूत तो वाढवावयाचा, मग तो मेंदू वाटून रसायनाने विषाणू मारावयाचा आणि ते पाणी माणसाला टोचावयाचे, अशी ती पद्धत होती. या लशीने असंख्य जीव वाचविले हे खरे आहे. पण तिच्यात विषाणूबरोबर मेंढीच्या मेंदूचा अंशही असे. माणसाच्या आणि मेंढीच्या मेंदूत पुष्कळ साम्य आहे. त्यामुळे काही जणांच्या शरीराने मेंढीच्या मेंदूविरुद्ध जी फौज उभी केली ती स्वतःच्या मेंदूवर व मणक्यावर चालून गेली. काही शेकड्यांत एक ते काही हजारांत एक, असे हे प्रमाण निरनिराळ्या ठिकाणी आढळले. कुणाचे पाय लुळे पडले, कुणी बेशुद्ध झाले, काही दगावले. गावात मात्र लोक म्हणत, "कुत्र्याचे विष डोक्यात चढले."

या लशींच्या अनुभवातूनच शास्त्रज्ञांना खरा धागा सापडला. १९३३ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत थॉमस रिव्हर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांना सशाच्या निरोगी मेंदूचा अर्क वारंवार टोचला. त्यात कोणताही रोगजंतू नव्हता. तरी काही माकडांच्या मेंदूला सूज आली. जंतू नसतानाही शरीर स्वतःच्या मेंदूवर हल्ला करू शकते, हे त्यावरून दिसून आले.

भारतात मेंढीच्या मेंदूच्या लशीचे उत्पादन २००४ च्या अखेरीस बंद करण्यात आले. आजची लस पेशींच्या संवर्धनावर तयार होते, तिच्यात मेंदूचा अंश नसतो, ती दंडावर देतात आणि सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. म्हणून जुन्या गोष्टी ऐकून कुणी आजच्या लशीला भिऊ नये. कुत्रा चावल्यावर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लस घेतलीच पाहिजे. पिसाळ रोग एकदा उमटला की त्यातून माणूस वाचत नाही.

२००७ चा शोध

तरुण मुली-बाया अचानक भ्रमिष्टासारख्या वागू लागतात, मग झटके येतात, मग बेशुद्ध होतात, आणि तपासात कोणताही जंतू सापडत नाही, असे रुग्ण जगभर होते. कुणाला वेड्यांच्या इस्पितळात ठेवीत, कुणाला मांत्रिकाकडे नेत. योसेप दालमाऊ नावाचे स्पेनचे डॉक्टर अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काम करीत होते. अशा काही स्त्रियांच्या बीजांडावर एक विशिष्ट प्रकारची गाठ असते, हे त्यांच्या लक्षात आले. या गाठीत केस, दात आणि चक्क मेंदूसारख्या पेशीही सापडतात. २००७ साली त्यांनी दाखवून दिले की या रुग्णांच्या शरीरात मेंदूतील 'एन.एम.डी.ए.' नावाच्या ग्राहकाविरुद्ध प्रतिपिंडे असतात. मेंढीच्या लशीची गोष्ट येथे पुन्हा आठवावी. मेंदूची पेशी आपली जागा सोडून भलत्याच ठिकाणी दिसली, आणि पहारेकऱ्याने तिला चोर ठरविले. मात्र सर्वच रुग्णांत गाठ असते असे नाही. लहान मुलांत आणि पुरुषांत ती क्वचितच आढळते. काहींना हर्पिस विषाणूचा मेंदूज्वर बरा होत आल्यावर काही आठवड्यांनी हा दुसरा आजार होतो. पुष्कळांत कारण सापडतच नाही.

आता हा 'ग्राहक' म्हणजे काय ? मेंदूतील पेशी एकमेकींना रासायनिक निरोप पाठवितात. निरोप घेणारे यंत्र दुसऱ्या पेशीच्या अंगावर असते. टेलिफोनचा रिसीव्हर समजा. एन.एम.डी.ए. हा असाच रिसीव्हर असून स्मरण, शिकणे, वागणूक यांच्याशी त्याचा संबंध आहे. प्रतिपिंडे त्याला चिकटली की पेशी तो रिसीव्हर आत ओढून घेते. घर शाबूत, तारा शाबूत, पण फोन उचलावयास काही नाही. मग विचार भरकटतात, भास होतात, बोलणे थांबते. यातील मोठा दिलासा असा की बहुधा पेशी मेलेली नसते. प्रतिपिंडे नाहीशी केली तर रिसीव्हर हळूहळू परत जागेवर येतात. म्हणूनच वेड लागले असे वाटणारा हा रोगी पुन्हा माणसांत येऊ शकतो.

लक्षणे कशी ओळखावी ?

तरुण व मोठ्या माणसांत सुरुवात बहुधा डोकेदुखी व थोड्या तापाने होते. काही दिवसांत किंवा दोन-तीन आठवड्यांत वागणूक पालटते. झोप उडते, संशय येतो, भास होतात, भीती वाटते. पुढे बोलणे कमी कमी होत जाते, तोंड काहीतरी चघळल्यासारखे हलत राहते, हातपाय वाकडेतिकडे होतात किंवा शरीर ताठ होऊन माणूस पुतळ्यासारखा पडून राहतो. झटके येतात. नाडी आणि रक्तदाब खालीवर होतो, श्वास मंदावतो. माझ्या भाचीचे तोंड असेच हलत होते आणि तो माणूस सांगत होता की आतले भूत मंत्राला उत्तर देत आहे.

लहान मुलांत चित्र थोडे निराळे. मूल सांगू शकत नाही की मला भास होतात. ते चिडते, आकांत करते, झोपत नाही, येत असलेले बोलणे विसरते, चालताना तोल जातो. पुष्कळदा झटका हेच पहिले लक्षण असते. मुलांत आणखी एक प्रकार आढळतो. एखादा ताप किंवा गोवर येऊन गेल्यावर आठ-पंधरा दिवसांनी मूल सुस्त होते, अडखळते, हातपाय गळतात. गोवर झालेल्या सुमारे हजार मुलांत एकाला हे होते. गोवराची लस घेतलेल्या मुलाचा हा धोका टळतो, हेही लस देण्याचे एक कारण आहे.

पन्नाशीच्या पुढच्या माणसांत, विशेषतः पुरुषांत, एक तिसरा प्रकार दिसतो. चेहऱ्याची एक बाजू आणि त्याच बाजूचा हात क्षणभर आखडतो, दिवसातून कितीतरी वेळा. त्याबरोबर आठवण जाऊ लागते आणि रक्तातील सोडियम, म्हणजे मिठाचे प्रमाण, कमी होते. घरचे लोक म्हणतात, म्हातारपण आले. पण म्हातारपणचा विसराळूपणा वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. हा काही आठवड्यांतच वाढतो, आणि उपचाराने पुष्कळ उतरतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मनाचे आजार खरे असतात, त्यांवर उपचार असतात आणि त्यांत लाज वाटण्यासारखे काही नाही. प्रत्येक भास म्हणजे मेंदूची सूज नव्हे. पण पूर्वी चांगला असलेला माणूस काही दिवसांतच बदलला आणि त्याबरोबर ताप, झटका, तोंडाची हालचाल, बोलणे बंद होणे यांपैकी काही असेल, तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखविलेच पाहिजे. मनोविकाराच्या काही औषधांनी अशा रुग्णाचे अंग अधिक ताठ होते. भाचीला पहिल्या दवाखान्यात हिस्टेरिया म्हणून औषध दिले आणि तिचे तसेच झाले. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. आजारच फसविणारा आहे.

न्यूयॉर्कच्या सुझाना कॅहलन या पत्रकार मुलीला २००९ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी हा आजार झाला. तपासण्या निर्दोष येत होत्या. डॉ. सुहेल नज्जार यांनी तिला कागदावर घड्याळ काढावयास सांगितले. तिने बाराही आकडे वर्तुळाच्या उजव्या अर्ध्यातच लिहिले. मेंदूची उजवी बाजू सुजली आहे हे डॉक्टरांनी त्यावरून ताडले. ती बरी झाली आणि २०१२ साली तिने स्वतःच्या आजारावर पुस्तक लिहिले. एवढ्या मोठ्या शहरातही निदानाला वेळ लागला, मग आपल्या खेड्यातील माणसांनी फार खजील होऊ नये. फक्त शिकावे.

तपास आणि उपचार

एम.आर.आय. काढतात, पण एन.एम.डी.ए. प्रकारच्या बहुतेक रुग्णांत तो निर्दोष येतो. तेव्हा "फोटोत काही नाही, म्हणजे आजारच नाही" असे समजू नये. ई.ई.जी. मध्ये मेंदूच्या लहरी बिघडलेल्या दिसतात. सर्वांत महत्त्वाचा तपास म्हणजे पाठीच्या मणक्यातून पाणी काढणे. आपल्याकडे या तपासाची फार भीती आहे. पाणी काढले की माणूस लुळा पडतो, असे भाऊजींना कुणीतरी सांगितले होते आणि सहीला ते दोन तास तयार नव्हते. वस्तुतः सुई टोचतात त्या जागेच्या वरच मज्जारज्जू संपलेला असतो. काही दिवस डोके किंवा कंबर दुखते एवढेच. हे पाणी आणि रक्त दोन्ही प्रतिपिंडांसाठी तपासतात. स्त्रियांत बीजांडाच्या गाठीसाठी सोनोग्राफी करतात.

उपचाराचे तीन मुख्य मार्ग आहेत. शिरेतून स्टेरॉइड, हे त्यातले स्वस्त. दुसरे इम्युनोग्लोब्युलिन. हे हजारो रक्तदात्यांच्या रक्तापासून बनविलेले निरोगी प्रतिपिंडांचे औषध. ते वजनाच्या दर किलोला २ ग्रॅम या हिशेबाने बहुधा पाच दिवसांत विभागून देतात. ५० किलोच्या माणसाला १०० ग्रॅम लागते, आणि म्हणूनच ते महाग पडते. तिसरा मार्ग म्हणजे रक्तातील पाणीदार भाग, प्लाझ्मा, यंत्राने काढून टाकणे, म्हणजे त्याबरोबर घातक प्रतिपिंडेही जातात. एवढ्याने भागले नाही तर रिटुक्सिमॅबसारखी औषधे देतात. गाठ असेल तर ती काढावीच लागते. पक्का अहवाल येण्यास दिवस लागतात, त्यामुळे संशय बळकट असल्यास डॉक्टर अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करतात.

फळ काय मिळते ? २०१३ साली ५७७ रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ८१ टक्के स्त्रिया होत्या आणि एक तृतीयांशाहून अधिक रुग्ण अठरा वर्षांखालील होते. दोन वर्षांपर्यंत ज्यांची माहिती मिळाली त्यांच्यापैकी सुमारे ८० टक्के लोक स्वतःचे स्वतः सांभाळण्याइतके बरे झाले होते. उपचार जितका लवकर, तितके फळ चांगले, हेही त्यातून दिसले. काही जण दगावतात आणि दहा-बारा टक्क्यांना आजार उलटतो, हेही लपवू नये.

आपण काय करावे ?

पहिले, वेळ दवडू नये. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरविण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे, धुरी देणे हा त्याखाली गुन्हा आहे. कुत्रा, साप, विंचू चावलेल्याला उपचारापासून रोखून गंडेदोरे देणे हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. पण कायदा पोलिसांच्या दप्तरात राहून उपयोग नाही. "बाहेरचे आहे" असे कुणी म्हणताच "आधी डॉक्टर" असे म्हणणारे एक माणूस प्रत्येक घरात हवे.

दुसरे, लक्षणे तारखेनिशी वहीत लिहून ठेवावी. ताप केव्हा आला, झोप केव्हापासून नाही, झटका केव्हा आला. जमल्यास मोबाइलवर चित्रण घ्यावे. बहिणीने घेतलेले अर्ध्या मिनिटाचे चित्रण पाहूनच नागपूरच्या डॉक्टरांना शंका आली.

तिसरे, पैशाचा विचार. हे माझ्या धंद्यातले आहे म्हणून आग्रहाने सांगतो. रेशनकार्ड, आधार आणि बँकेचे पासबुक यांवरील नावे सारखी आहेत ना ते आजच पाहून ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो काय, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला दाखल होतानाच विचारा. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज करावयाचा असल्यास तोही लवकर द्या. प्रत्येक कागदाची झेरॉक्स ठेवा. जमीन किंवा दागिना सावकाराकडे ठेवण्याआधी एक दिवस ही चौकशी करा. आमच्या भाऊजींनी ती केली नाही, आणि त्या वर्षीचा कापूस घरात येण्यापूर्वीच विकला गेला.

भाचीच्या बीजांडावर लिंबाएवढी गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली. स्टेरॉइड व इम्युनोग्लोब्युलिन दिले. ती दोन महिने रुग्णालयात होती. सातव्या आठवड्यात एका दुपारी तिने आईला पाणी मागितले, तेव्हा ते ऐकून शेजारच्या खाटेवरील लोकही उठून उभे राहिले. त्यानंतर पूर्ण सावरावयास वर्ष लागले. शिकलेले पुन्हा शिकावे लागले. लहानसहान गोष्टींनी ती थकत असे, चिडत असे. अकरावीचे वर्ष गेले. आज ती बी.ए. झाली असून बी.एड. करीत आहे. ते दोन-तीन महिने तिला काहीच आठवत नाहीत.

आम्हाला मात्र ते एकोणीस दिवस आठवतात. ती बरी झाली म्हणून आम्ही ते बोलू शकतो. प्रश्न विचारावा, कारण शोधावे आणि पटल्याशिवाय मानू नये, ही शिकवण आपण सभेत ऐकतो. ती घरात आजारी मूल असताना, रात्री दोन वाजता, भीतीने हातपाय गळालेले असताना पाळावी लागते. तेव्हाच तिची खरी कसोटी असते. आमच्या घराने ती कसोटी उशिरा दिली. वाचकांनी ती वेळेवर द्यावी, एवढ्यासाठी हा लेख.